बार्शीचा रकाना

पत्र सोमवारी आलं. प्राचार्यांनी दोनदा वाचलं,
मग माझ्याकडे सरकवलं, कारण रकाने मी आखतो.
बार्शी आता आपल्या गटात नाही.
बार्शी लातूरकडे. आपण पश्चिम गटात:
सुरत, वापी, पणजी, पुणे.
खाली वाहिनीचा शिक्का आणि रकमेचा आकडा,
इतका लांब, की जिमखान्याचं गळकं छत
त्याच्याखाली सहज झाकलं जावं.

सव्वीस वर्षं मी खो-खोचा गुणलेखक.
मार्गशीर्षातल्या दुसऱ्या शनिवारी त्यांची एसटी यायची,
टपावर वैरागची धूळ घेऊन.
बारंगुळे सर पायरीवरूनच विचारायचे,
"खांब ताठ रोवलाय ना,
का अजून तुमच्याच बाजूनं कलतोय?"
तो अठ्ठ्याण्णवचा खांब.
आमचा इरेश सूर मारून गडी टिपायला गेला
आणि खांबासकट मातीत.
पंचांनी गडी बाद दिला. बार्शीनं दिला नाही.
अजून दिलेला नाही.
एवढं जपलेलं वैर
कुणी कागदावर रेघ मारून मोडेल,
असं वाटलं नव्हतं.

करारातलं कलम अकरा: प्रक्षेपणाचे हक्क.
कुणीही मोबाइलवर सामना दाखवायचा नाही.
मकबूल पाण्याच्या टाकीवर चढून दाखवायचा,
त्याचा भाऊ दम्मामला रात्रपाळीत बघायचा.
"सर, हक म्हणजे नेमका कुणाचा?"
आमच्या घरात हक्क म्हणजे बोनस, रजा, ग्रॅच्युइटी.
गिरणीच्या फाटकापाशी वडील हा शब्द ओरडायचे,
घरी आल्यावर त्याच घशाला मिठाचं पाणी.
मी म्हणालो, "विचारतो बे."
विचारलं नाही.

मग मॅट आली. निळी.
फक्कीचं पोतं जिन्याखाली गेलं.
सामना रात्री पावणेनऊला,
आधी कुणाचा तरी साबण विकायचा असतो.
पळती ऐन रंगात आली की लाल दिवा लागतो,
पोरं जागच्या जागी थांबतात;
घामाला थांबायचं कुणी कळवलेलं नसतं.

पहिला सामना सुरतला.
रात्रभर गाडी, बारा पोरं,
कडक भाकरीची चळत, शेंगाचटणीचा डबा.
अनोळखी गॅलरी, अनोळखी टाळ्या,
आणि दुसऱ्या डावात अचानक वरून हाक:
"खो दे बे! काय बघत बसलायस!"

वळून पाहिलं.
ओळीनं बसलेली अशोक चौकातली माणसं,
भवानी पेठेतली, माग भंगारात घालून गेलेली.
माझ्या वर्गातला लक्ष्मीपती चिलवेरी,
तेलुगूत शिव्या, मराठीत सल्ले,
आणि मांडीवरच्या नातीला गुजरातीत सांगत होता
यातले आपले कोण.
मी गुण लिहायचा एक विसरलो.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

तीन गुणांनी हरलो.
लक्ष्मीपतीनं सगळ्यांना जेवू घातलं,
डबा मात्र आमच्याकडून काढून घेतला, चटणीसकट.

साडेअकराला बारंगुळे सरांचा फोन.
"बघितली मॅच. दोन फाऊल गिळले पंचांनी.
सगळं दिसलं, तू कुठं दिसला नाहीस."
टेबल मागं सरकवलं होतं,
कॅमेऱ्याच्या वाटेत येतं म्हणून.
गुण आता पडद्यावर आपोआप पडतात.
मी तरी लिहितो, शाईनं, सवयीनं.

"आणि तो गडी बाद नव्हता," ते म्हणाले.

मी वहीचं कोरं पान उघडलं.
रकाने आखले. डावीकडे बार्शी लिहिलं.
"मग या की, दुसऱ्या शनिवारी.
गट नाही, करंडक नाही. फक्की मारून ठेवतो."
"आणि टीव्ही?"
"टाकीवर मकबूल."

पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
"येतो. खांब आमचा आम्ही घेऊन येतो."